ओरडून जखम भरते का?

थर्ड इयरच्या पहिल्याच महिन्यात आमच्या विंगला एक नवीन व्यसन लागलं. रेक्टर सरांनी हे वाचून दचकू नये. ते तंबाखूचं नाही आणि पत्त्यांचंही नाही. रविवारी रात्री मेस बंद असते. कोपऱ्यावरून वडापाव आणायचे, दोन कॉट एकमेकींना जोडायच्या, मध्ये ड्रॉइंग बोर्ड आडवा टाकायचा आणि त्यावर ग्राफ पेपर पसरून पाच जणांनी पहाटेपर्यंत राक्षस मारायचे. फर्स्ट इयरनंतरही ड्रॉइंग बोर्डचा काही उपयोग होतो, एवढं जरी या लेखातून कुणाला कळलं तरी पुष्कळ.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी काढला. यात एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. "समोर गुहा आहे, आत काहीतरी घोरतंय, काय करता?" असं तो विचारतो, आपण काय करतो ते सांगायचं. जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. (आमचे फासे कुरियरने येईपर्यंत सायंटिफिक कॅल्क्युलेटरचं रॅन्डम बटण दाबून आम्ही तीन राक्षस मारले होते.) प्रत्येक पात्राला ठरावीक हिट पॉइंट असतात. घाव बसला की ते कमी होतात. शून्यावर आले की गडी आडवा.

आता आमची टोळी. गोष्ट सांगणारा तो मास्तर. कॉम्प्युटरचा चष्मा हा जादूगार. मेकॅनिकलचा पैलवान, जो खरोखरच गावच्या तालमीत घुमलेला आहे, तो खेळात मात्र तीन फुटी चोर झाला. "रोज दांडगाच असतो की, रविवारी तरी लहान होऊ दे," असं त्याचं म्हणणं. आणि काका. प्रत्येक हॉस्टेलमध्ये एक काका असतो. आमच्याबरोबर शिकतो, पण आमच्याआधी आलेला असतो. गणित-तीन, म्हणजे एम-थ्री, या विषयाने आमच्या काकाला दोनदा अडवलं होतं. काका आमचा फायटर: सगळ्यांच्या पुढे, ढाल घेऊन, पहिला घाव अंगावर घेणारा.

राहिलो मी. माझ्या वाट्याला आलं वैद्याचं काम.

या खेळात हे काम पहिल्यापासून धर्मगुरूचं. १९७४ च्या मूळ खेळात पात्रांचे तीनच प्रकार होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. जखमा बऱ्या करायच्या तर देवाची प्रार्थना म्हणायची, आणि ती धर्मगुरूनेच म्हणायची. त्यामुळे जगभर जिथे जिथे हा खेळ खेळतात तिथे पहिल्या दिवशी एकच भांडण होतं: धर्मगुरू कोण होणार? बाकीचे तलवारी फिरवणार, आग फेकणार आणि आपण मागे उभं राहून मलमपट्टी करणार. म्हणजे क्रिकेटमध्ये बॅटिंग न देता बाउंडरीवर उभं करतात, तसंच. मी साफ नाही म्हणालो.

तेव्हा मास्तरने ट्रंकेतून एक जाडजूड पुस्तक काढलं. त्याच्या आतेभावाने अमेरिकेहून परत येताना आणलेलं, २००८ साली निघालेल्या चौथ्या आवृत्तीचं. "यात एक बिनदेवाचा वैद्य आहे," मास्तर म्हणाला. "वॉरलॉर्ड."

वॉरलॉर्ड म्हणजे खरं तर सेनापती. अंगात चिलखत, हातात तलवार, मंत्रतंत्र शून्य. पण नियमांत त्याची जागा धर्मगुरूच्या बरोबरीने, 'लीडर' या गटात. त्याच्याकडे एक युक्ती असते. पाच चौकोनांच्या आतल्या सोबत्याला तो हाक मारतो, धीर देतो, आणि त्या सोबत्याचे हिट पॉइंट वाढतात. एका लढाईत दोनदा, पण एका फेरीत एकदाच. शिवाय हाक मारायला फार वेळ लागत नाही. त्याच खेपेत स्वतःची तलवारही चालवता येते. नाहीतर स्वतः न मारता सोबत्यालाच सांगायचं, "हाण!" आणि त्या सोबत्याला तिथल्या तिथे एक फुकटचा घाव घालायला मिळतो.

पैलवानाने हे ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "अरे, हा तर वस्ताद!" आखाड्याच्या कडेला उभा राहून वस्ताद ओरडतो, "पट काढ! सोडू नको!" आणि खाली चितपट व्हायला आलेला पोरगा कुठून तरी जोर आणून फिरतो. झालं. माझ्या पात्राचं नाव त्या रात्रीपासून वस्ताद पडलं.

पहिल्याच लढाईत काका पडला. त्याचे एकूण हिट पॉइंट बत्तीस. पडला तेव्हा उणे पाच. माझी पाळी आली. काय ओरडावं ते सुचेना, म्हणून जे तोंडात आलं ते ओरडलो: "ऊठ काका, एम-थ्री काढायचाय!"

सगळी विंग हसली. काका सगळ्यात जास्त हसला. हिशोब झाला: उणे पाच आधी शून्यावर आणायचे, मग बत्तीसचा चौथा हिस्सा आठ, वर एका फाशाचे चार. काका बारावर उभा राहिला आणि पुढच्याच खेपेत त्याने समोरचा राक्षस आडवा केला.

पण चष्म्याचं समाधान होईना. वडापाव संपला तरी त्याचा प्रश्न संपेना. "माणूस बेशुद्ध पडलाय. पोटात भाला आहे. हा लांबून ओरडतो आणि जखम भरते? उद्या हात तुटला तर ओरडून चिकटवणार का?"

हा वाद आमचा एकट्याचा नव्हे, हे नंतर समजलं. चौथी आवृत्ती आल्यापासून खेळणाऱ्यांत यावरून दोन तट पडले होते आणि तुटलेल्या हाताची ती थट्टाही तेव्हापासूनचीच. सगळं अडतं ते एका प्रश्नावर: हिट पॉइंट म्हणजे नेमकं काय?

खुद्द गायगॅक्सने १९७९ च्या आपल्या नियमपुस्तकात याचा खुलासा केला होता. लेव्हल वाढली म्हणून माणसाच्या अंगावर मांस चढत नाही. मग मुरलेला लढवय्या नवशिक्यापेक्षा कितीतरी जास्त घाव कसे सोसतो? तर त्यातला थोडाच भाग शरीराचा. बाकी कौशल्य, नशीब, ऐनवेळी अंग चोरण्याची सवय असं बरंच काही. पण चष्माही काही कमी नव्हता. "मग धर्मगुरूच्या मंत्राच्या नावातच जखम हा शब्द कशाला? आणि त्याच काळच्या नियमांत दिवसभर पडून राहिलं की एकच पॉइंट परत मिळायचा. नशीब परत यायला महिना लागतो का?" याला उत्तर नव्हतं. खेळाने पहिल्यापासून दोन्ही डगरींवर हात ठेवलेला आहे.

वाद पैलवानाने मिटवला. तोंडातला घास संपवून तो म्हणाला, "तुम्ही त्याला रक्त समजताय. तो दम आहे."

पुढे म्हणाला, "कबड्डीत कुठं वैद्य असतो? आपला गडी बाद झाला की बाहेर बसतो. मग कुणीतरी दम धरून पलीकडं जातो, त्यांचा गडी मारून येतो, की आपला बाहेरचा गडी उठून आत. त्याला कुणी औषध दिलं? मंत्र म्हटला? लढणाऱ्यानंच उठवला की त्याला."

चष्मा गप्प झाला. मला विचाराल तर त्या पुस्तकाचं इतकं सोपं स्पष्टीकरण मी दुसरं ऐकलेलं नाही. नियमांतही ते बसतं. चौथ्या आवृत्तीत कुणीही लढाईत एकदा थांबून स्वतःच पाव हिस्सा भरून काढू शकतो. त्याला 'सेकंड विंड' म्हणतात. आपण त्याला दम खाणं म्हणतो.

मात्र या नियमातली खरी गोम माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आली. तो जो पाव हिस्सा परत मिळतो, तो वस्ताद देत नाही. प्रत्येक पात्राकडे 'हीलिंग सर्ज' नावाचा राखीव साठा असतो. आमच्या काकाच्या फायटरकडे दिवसाला बारा होते. वस्तादाने हाक मारली की जखमी माणूस स्वतःच्या साठ्यातला एक सर्ज खर्च करतो आणि त्यावर उठतो. वस्तादाचा वाटा काय, तर वरचा एक फासा. आठ पॉइंट काकाचे आणि चार माझे. म्हणजे मी त्याला काही देत नव्हतो. त्याच्या खिशात जे होतं त्याची त्याला आठवण करून देत होतो. आणि साठा संपला की मी कितीही ओरडलो तरी तो पाव हिस्सा मिळत नाही. त्यावर उपाय एकच: मोहीम थांबवायची आणि पूर्ण विश्रांती घ्यायची.

मधे चार रविवार चष्म्याने आम्हाला नवीन नियमांनी खेळवलं, २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या. त्यात वस्ताद नाहीच. त्या वर्षीच्या मुख्य पुस्तकातून तो गेला आणि २०२४ च्या सुधारित पुस्तकातही परतला नाही. त्याचे तुकडे मात्र इकडेतिकडे सापडतात. फायटरला दम खाता येतो, पण फक्त स्वतःपुरता. एका प्रकारच्या फायटरला सोबत्याला हुरूप देता येतो, पण ते पॉइंट तात्पुरते. उभ्या माणसाला चार घाव जास्त सोसायला मदत करतात, पडलेल्याला उठवत नाहीत.

पण २०१४ च्या त्या पुस्तकात दुसरी एक सोय आहे. 'हीलर' नावाचं कसब घ्यायचं आणि पाच सोन्याच्या नाण्यांना मिळणारी औषधाची पिशवी जवळ ठेवायची. दहा वेळा पुरते. पडलेल्याजवळ जायचं, पट्टी बांधायची, की तो एका पॉइंटवर डोळे उघडतो. शुद्धीवर असलेल्याला तर एका पट्टीने एक फासा, वर चार, वर त्याची लेव्हल इतके पॉइंट मिळतात. मंत्र नाही, भाषण नाही. मात्र लांबून चालत नाही, हाताच्या अंतरावर जावं लागतं. पैलवानाच्या चोराने ते कसब घेतलं. त्या चार रविवारांत तो छोटा चोर लढाईच्या मधोमध पिशवी घेऊन एकाकडून दुसऱ्याकडे पळत होता आणि मी नुसता बघत होतो. मला खरं सांगायचं तर त्याचा थोडा हेवा वाटला.

असो. इथवर सगळी गंमत होती.

मग रिझल्ट लागला. काकाचा एम-थ्री तिसऱ्यांदा राहिला.

पहिले दोन दिवस तो नेहमीसारखाच वागला, उलट जास्तच हसला. तिसऱ्या दिवसापासून लेक्चरला येईना. मग मेसला येईना. रूमचं दार लोटलेलं, पडदा ओढलेला, आणि काका भिंतीकडे तोंड करून झोपलेला. दुपारी जा, रात्री जा, तोच देखावा. त्या रविवारी ड्रॉइंग बोर्ड भिंतीलाच टेकून राहिला.

मी वस्ताद. हे माझंच काम, असं मी धरून चाललो. रोज दारात उभा राहून भाषण द्यायचो. "काका, एक विषय म्हणजे आयुष्य नाही." "काका, तू फायटर आहेस." सिनियर्सची उदाहरणं दिली, मोबाइलवर प्रेरणादायक व्हिडिओ पाठवले. एकदा तर सवयीने बोलून गेलो, "ऊठ काका, एम-थ्री काढायचाय!" आणि बोलता बोलताच जीभ चावली. तो हलला नाही. कुणी हसलंही नाही.

आठव्या दिवशी कँटीनमध्ये मास्तरने मला विचारलं, "तू त्याला किती वेळा हाक मारलीस?"

"रोज मारतोय."

"नियम काय आहे? एका लढाईत दोनदा. आणि समोरच्याकडे सर्ज असला तर." कपातल्या चहाकडे बघत तो म्हणाला, "त्याचे संपलेत. तू रिकाम्या खिशात हात घालायला सांगतोयस त्याला."

मला राग आला. हा खेळ नाही, असं मी म्हणालो. पण रूमवर परत येताना जिन्यातच मला ते पटलं. मी दारापाशीच थांबत होतो. पाच चौकोन लांब. आत कुणी जात होतं का? जात होता. पैलवान. गेले पाच दिवस तो स्वतःचं जेवण झालं की मेसच्या मावशींकडून एक ताट वाढून घ्यायचा, आत न्यायचा, टेबलावर ठेवायचा, दहा मिनिटं खुर्चीत बसायचा आणि एक शब्दही न बोलता ताट घेऊन परत यायचा. कधी अर्धं संपलेलं, कधी तसंच. मी त्याला एकदा विचारलंही होतं की तू काही बोलत का नाहीस. तो म्हणाला होता, "मला कुठं येतंय बोलायला."

त्याच संध्याकाळी आम्ही चौघं रेक्टर सरांकडे गेलो. खरं सांगतो, जाताना पाय जड झाले होते. चुगली केल्यासारखं वाटत होतं. काका आम्हाला कधी माफ करणार नाही असंही वाटत होतं. सर रागावले नाहीत. त्यांनी चप्पल घातली, आमच्याबरोबर वर आले आणि सरळ काकाच्या कॉटच्या कडेला बसले. आम्हाला बाहेर पाठवलं. तासाभराने बाहेर आले आणि त्याच्या घरचा नंबर मागितला. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या समुपदेशक मॅडम भेटून गेल्या. त्यांनी डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. रात्रीच्या एसटीने काकाची ताई आली. सकाळी ती त्याची बॅग भरत होती तेव्हा आम्ही दारात घुटमळत होतो. ती म्हणाली, "बरं केलंत रे, कळवलंत." एवढंच. काका काहीच बोलला नाही.

खेळात पूर्ण विश्रांतीला सहा तास पुरतात. सकाळी उठलं की बाराच्या बारा सर्ज परत. खऱ्या माणसाला त्यापेक्षा वेळ लागतो. काका दीड महिन्याने परत आला. थोडा बारीक झालेला, औषधाची वेळ मोबाइलवर लावलेली. मॅडमकडे अजून जातो. आता तो ते लपवतही नाही. म्हणूनच त्याला विचारून हे लिहितो आहे.

परत आल्यावर एका रात्री गच्चीत मी त्याला चष्म्याचा जुना प्रश्न विचारला. "काका, आम्ही दारात ओरडत होतो ते ऐकू यायचं का रे?"

"यायचं की. सगळं यायचं," तो म्हणाला. "तू 'ऊठ' म्हणायचास ते पण. मला वाटायचं, उठायचं कशानं? आणि मग आणखी वाईट वाटायचं, की हा इतकं ओरडतोय आणि आपल्याला साधं उठता येत नाही." थोडा वेळ गप्प राहून तो हसला. "पैलवानाचं ताट मात्र बरं वाटायचं. शेवभाजी आली की कळायचं, आज गुरुवार."

मित्रहो, हाक मारू नका असं मला म्हणायचं नाही. काकाला पहिल्या लढाईत माझ्या हाकेनेच उठवलं होतं आणि पहिल्यांदा एम-थ्री राहिला तेव्हाही म्हणे कुणा सिनियरच्या दोन शब्दांवर तो उभा राहिला होता. शब्दांत जोर असतोच. पण हाक मारण्याआधी समोरच्याच्या खिशात काय उरलंय ते बघायला हवं, आणि ते दारात उभं राहून दिसत नाही. चष्म्याला जे कोडं वाटत होतं त्याचं माझ्यापुरतं उत्तर असं आहे: ओरडून जखम भरत नाही. ज्याच्याकडे दम शिल्लक आहे तो ओरडल्यावर उठतो. ज्याच्याकडे नाही त्याला ताट लागतं, झोप लागते, डॉक्टर लागतो. आणि हे सगळं बोलवायला जिना उतरून जाणारं कुणीतरी लागतं.

एम-थ्रीचा पेपर काकाने परवा दिला. निकाल यायचा आहे. कसा गेला ते आम्ही विचारलेलं नाही.

गेल्या रविवारी ड्रॉइंग बोर्ड परत आडवा पडला. इतके दिवस मास्तरने काकाच्या फायटरला गोष्टीतल्या एका धर्मशाळेत झोपवून ठेवलं होतं; आम्ही त्याला घेऊन पुढे निघालो. दुसऱ्याच लढाईत काका नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पुढे गेला आणि नेहमीप्रमाणे पडला. उणे तीन. माझी पाळी आली. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"काका, सर्ज किती उरलेत?" मी विचारलं.

त्याने कागद दिव्याखाली धरून नीट बघितला.

"नऊ."

"मग ऊठ."